एका सामन्यावरून माणूस तोलू नये

निर्णायक सामन्याच्या दडपणाखाली बचावपटू टिकतो की ढासळतो, हा वाद खेळाइतकाच जुना आहे. उल्हासनगरच्या कॅम्पातील चहाच्या टपरीवर, अंबरनाथच्या शिवमंदिराकडे सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत, बदलापूरच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर तो आजही हिरिरीने रंगतो. विषय कधी क्रिकेटचा असतो, कधी कबड्डीचा आणि ऑलिम्पिकच्या वर्षी हॉकीचा. साखळी सामन्यांत भिंतीसारखा उभा राहणारा खेळाडू बाद फेरीत कच खातो, असे एकजण ठामपणे सांगतो. दुसरा तितक्याच ठामपणे त्या खेळाडूची एखादी जुनी कामगिरी पुढे करतो. वाद मिटत नाही, पण एखाद्याच्या नावावर शिक्का मात्र बसतो.

हा शिक्का मारण्याची पद्धत मला वैद्यकीय दृष्टीने महत्त्वाची वाटते. मैदानावरील बचावपटूला आपण ज्या मापाने तोलतो, त्याच मापाने घरात आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसालाही तोलतो. तिथे चुकीच्या निवाड्याची किंमत पदकात मोजली जात नाही, प्रकृतीत मोजली जाते.

तीन सामने, एक खेळाडू

अलीकडचेच उदाहरण घेऊ. ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्यातील अमित रोहिदास हा भारतीय हॉकी संघाचा बचावपटू. प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलरेषेवरून सर्वांत आधी चेंडूच्या दिशेने धावून जाण्याचे जोखमीचे काम त्याच्याकडे असते. ताशी शंभर किलोमीटरच्या पुढच्या वेगाने येणाऱ्या चेंडूसमोर आपण होऊन अंग घालायचे, असे हे काम आहे. ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत कांस्यपदकाच्या सामन्यात भारताने १-३ अशा पिछाडीवरून जर्मनीला ५-४ असे हरवले. सामना संपायला जेमतेम सहा-सात सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. बचावफळीने आणि गोलरक्षक पी. आर. श्रीजेशने तो परतवला आणि १९८० च्या मॉस्कोनंतर, म्हणजे ४१ वर्षांनी, ऑलिम्पिक हॉकीचे पदक देशात आले. त्या बचावफळीत रोहिदास होता.

तीन वर्षांनी, ४ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात १७ व्या मिनिटाला त्याची काठी प्रतिस्पर्धी खेळाडूच्या डोक्याला लागली. व्हिडिओ पंचांचा सल्ला घेऊन त्याला लाल कार्ड दाखवण्यात आले. ते हेतुपुरस्सर होते की ओघात घडले, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. साठ मिनिटांच्या सामन्यातील उरलेली सुमारे ४३ मिनिटे भारत दहा खेळाडूंनिशी खेळला, १-१ अशी बरोबरी टिकवली आणि शूटआउटमध्ये ४-२ असा जिंकला. रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली. ६ ऑगस्टला त्याच्याविना उतरलेला भारत उपांत्य सामन्यात जर्मनीकडून २-३ असा हरला. निर्णायक गोल ५४ व्या मिनिटाला झाला. ८ ऑगस्टला तो परतला आणि स्पेनला २-१ असे नमवून भारताने पुन्हा कांस्यपदक मिळवले.

आता निवाडा काय द्यायचा? टोकियोकडे पाहणारा म्हणेल, हा दडपणात तळपणारा खेळाडू. पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्याकडे पाहणारा म्हणेल, ऐनवेळी तोल गेला. तिसरा म्हणेल, तो नव्हता म्हणूनच उपांत्य सामना निसटला. तिघांकडेही पुरावा आहे आणि तिघांचाही पुरावा एकेका सामन्याचा आहे.

बचावाचे काम दिसत नाही

बचावपटूविषयीचा निवाडा आघाडीच्या खेळाडूपेक्षा अधिक कठोर का होतो, याचे कारण त्याच्या कामाच्या स्वरूपात आहे. आघाडीवीराने दहा संधी दवडून अकराव्या वेळी गोल केला, तर लोक त्याला खांद्यावर घेतात. बचावपटूने दहा हल्ले परतवले आणि अकराव्या वेळी पाय घसरला, तर तो अकरावा प्रसंगच स्मरणात राहतो. त्याचे यश म्हणजे काहीच न घडणे, आणि जे घडलेच नाही ते कोणाच्या ध्यानात राहणार?

१९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेतील पुरुष हॉकीचा अंतिम सामना आज सत्तरीत असलेल्या वाचकांना आठवत असेल. रंगीत दूरचित्रवाणी देशात नुकतीच आली होती. प्रतिस्पर्धी पाकिस्तान, आणि निकाल ७-१. भारताचे गोलरक्षक होते मीर रंजन नेगी. त्यानंतर त्यांच्यावर जी चिखलफेक झाली, ती सामना विकल्याच्या आरोपापर्यंत गेली. हॉकी अकरा जणांचा खेळ आहे. चेंडू गोलरक्षकापर्यंत पोहोचतो तो मधली आणि बचावाची फळी ओलांडूनच. तरीही सातही गोल एका माणसाच्या नावावर मांडले गेले.

पुढे मुंबईत सीमाशुल्क खात्यात नोकरी करणारे हेच नेगी १९९८ मध्ये बँकॉक आशियाई स्पर्धेसाठी गोलरक्षकांचे प्रशिक्षक म्हणून भारतीय संघाबरोबर होते. संघाचा कर्णधार धनराज पिल्ले. अंबरनाथकरांना आयुध निर्माणीच्या वसाहतीतले जगणे वेगळे सांगायला नको. खडकीच्या तशाच वसाहतीत धनराज लहानाचा मोठा झाला. दक्षिण कोरियाविरुद्धचा अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि निकाल पेनल्टी स्ट्रोकवर गेला. गोलरक्षक आशिष बल्लाळने मोक्याच्या वेळी चेंडू अडवले आणि १९६६ नंतर, ३२ वर्षांनी, भारताला आशियाई सुवर्णपदक मिळाले. २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले, तेव्हाही नेगी त्या संघाच्या प्रशिक्षकवर्गात होते. ‘दडपणात कोसळलेला’ असा ज्या माणसावर शिक्का बसला होता, त्याच्याकडूनच पुढच्या खेळाडूंनी दडपणात उभे राहण्याचे धडे घेतले.

एका मापनावर निदान नाही

डॉक्टरी शिक्षणात आरंभीच एक गोष्ट मनावर ठसवली जाते. रक्तदाबाच्या एकाच वाढीव मापनावरून माणसाला सहसा उच्च रक्तदाबाचा रुग्ण ठरवायचे नसते. वेगवेगळ्या दिवशी, माणूस शांत बसलेला असताना, पुन्हा पुन्हा मोजायचे असते. अनेकांचा दाब केवळ डॉक्टरांसमोर वाढतो. घरी १३० असलेला वरचा आकडा दवाखान्यात १६० होतो. पांढऱ्या कोटामुळे वाढणारा दाब म्हणून वैद्यकशास्त्र त्याला ओळखते. परीक्षा घेणारा समोर उभा राहिला म्हणून शरीर बदलते. बाद फेरीत खेळाडूचे होते, त्याचेच हे घरगुती रूप नव्हे काय?

मधुमेहाचेही तसेच. काल रात्री श्रीखंड खाल्ले म्हणून आज सकाळची साखर वाढलेली असू शकते. म्हणून आपण ‘एचबीए१सी’ ही तपासणी करतो. मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी पातळी तिच्यातून समजते. माणसाची कुवत जोखायची असेल तर त्याच्या कामाचीही अशीच सरासरी पाहिली पाहिजे.

इथे थोडे गणित उपयोगी पडेल. समजा, प्रत्येक कठीण सामन्यात निर्दोष खेळण्याची आणि चूक होण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे, अशा समान कुवतीचे १६ बचावपटू आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला बाद फेरीचे तीन सामने आले. तिन्ही सामन्यांत चूक होण्याची शक्यता निम्म्याची निम्मी आणि तिचीही निम्मी, म्हणजे आठात एक. याचा अर्थ १६ पैकी सरासरी दोघेजण तिन्ही सामन्यांत चुकतील. त्यांच्यात इतरांहून काहीही उणे नसेल, तरी आपण त्यांना ‘दडपणात टिकत नाही’ म्हणू. दुसरे दोघे तिन्ही सामन्यांत निर्दोष राहतील आणि त्यांना आपण पोलादी मनाचे ठरवू. ऑलिम्पिक चार वर्षांनी एकदा येते आणि त्यात बाद फेरीचे सामने फार तर तीन. इतक्या तुटपुंज्या नोंदीवर माणसाच्या स्वभावाचे निदान करणे कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

दडपण शरीरात काय करते

म्हणजे दडपण हा भ्रम आहे, असे नव्हे. त्याचा परिणाम खराच असतो. संकट जाणवताच मूत्रपिंडांवरील ग्रंथी ॲड्रेनलिन रक्तात सोडतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, श्वास उथळ होतो, तोंड कोरडे पडते, हात थरथरतो. स्नायूंना अधिक रक्त मिळते, म्हणून धावणे किंवा ढकलणे सोपे होते. पण सुईत दोरा ओवण्यासारखे नाजूक काम अवघड होते. दृष्टी समोरच्या एकाच गोष्टीवर खिळते आणि बाजूचे दिसेनासे होते.

थोडे दडपण कामगिरी सुधारते आणि फार झाले की ती बिघडते, या विचाराचा उगम रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकी संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत आहे. पुढच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. सवयीने आपोआप होणारी क्रिया माणूस भीतीपोटी जाणीवपूर्वक करू लागला की ती बिघडते. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर पाऊल कसे पडते, याचा विचार करू लागलो की पाय अडखळतो. सराईत बचावपटूची काठी एरवी आपसूक योग्य जागी जाते. ‘आता चुकायचे नाही’ असे तो स्वतःला बजावू लागला की तीच काठी अर्धा क्षण उशिरा पोहोचते.

आणखी एक गंमत फुटबॉलमध्ये आढळली. इस्रायलमधील संशोधकांनी २८६ पेनल्टी किकचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. गोलरक्षक जागेवर, मध्यभागी, थांबला तर चेंडू अडवण्याची शक्यता सर्वाधिक होती. प्रत्यक्षात सुमारे ९४ टक्के वेळा गोलरक्षकांनी डावीकडे किंवा उजवीकडे झेप घेतली. कारण उघड आहे. झेप घेऊन गोल झाला तर ‘प्रयत्न तरी केला’ असे म्हणतात. जागेवर उभे राहून झाला तर ‘नुसता बघत राहिला’ असे म्हणतात. लोक काय म्हणतील या भीतीने माणूस योग्य कृतीऐवजी दिसणारी कृती करतो. हे निरीक्षण आपल्याला घरात पुन्हा भेटणार आहे.

मग दडपणावर उतारा कोणता? पॅरिसच्या त्या उपांत्यपूर्व सामन्यात त्याचे उत्तर दिसले. एक बचावपटू गमावल्यावर उरलेल्या दहा जणांनी आपापली जागा बदलली, मधल्या फळीतले खेळाडू मागे आले आणि प्रत्येकाला आपले नवे काम ठाऊक होते. एखादा खेळाडू बाहेर गेला तर कोण कुठे उभे राहील, याचा सराव आधीच झालेला असतो. ऐनवेळी जे धैर्य म्हणून दिसते, त्याचा मोठा भाग अशा आधीच्या सरावाचा आणि कामाच्या वाटणीचा असतो.

पाहणाऱ्याच्या हृदयाचेही दडपण

ज्येष्ठ वाचकांसाठी इथे एक सावधगिरीची सूचना. दडपण खेळणाऱ्यापुरते राहत नाही. २००६ मध्ये फुटबॉलचा विश्वचषक जर्मनीत झाला, तेव्हा म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या घटनांची नोंद ठेवली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी अशा घटना एरवीच्या तुलनेत २.६६ पट आढळल्या, पुरुषांत ३.२६ पट आणि स्त्रियांत १.८२ पट. सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत प्रमाण सर्वाधिक होते आणि आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक होता.

म्हणून सामना पाहू नये, असे मी सांगणार नाही. एकाकी सायंकाळपेक्षा चार माणसांत पाहिलेला सामना मनाला केव्हाही हितकारक. मात्र ज्यांना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, त्यांनी त्या दिवशीच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात. पॅरिसचा उपांत्य सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू झाला होता. अशा वेळी रात्रीची गोळी ‘सामना संपल्यावर घेऊ’ म्हणून राहून जाते. त्यासोबत तंबाखू, सिगारेट, मद्य, फरसाण आणि जागरण यांची भर पडू देऊ नये. सोबत कोणीतरी असावे. छातीत दाब, घाम, धाप किंवा जबड्याकडे, हाताकडे सरकणारी कळ जाणवली तर ती सामन्याची उत्कंठा समजून अंगावर काढू नये.

घरातील बचावफळी

आता ज्यासाठी हा लेख लिहिला, तिकडे वळतो. आपल्या भागातील घरांची रचना डोळ्यांसमोर आणा. मुलगा किंवा सून सकाळी सातच्या लोकलने मुंबईला जातात. बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत दीड तास, परतीचा तेवढाच. दिवसाचे बारा-तेरा तास घरात दोन वृद्ध असतात. एक आजारी, दुसरा सांभाळणारा. हा सांभाळणारा त्या घराचा बचावपटू. गोळ्यांच्या वेळा, साखरेची नोंद, पथ्य, न्हाणीघरातला ओलावा पुसणे, रात्री उठताना हात देणे, ही सारी कामे नीट झाली की काहीच घडत नाही. त्यामुळे ती कोणाला दिसतही नाहीत.

अंबरनाथ पूर्वेतील एका घरातली हकीकत. पतीला मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन, आणि ते टोचण्याचे काम अडुसष्ट वर्षांच्या पत्नीकडे. एका पहाटे पतीची साखर उतरली. ते घामाने भिजले, असंबद्ध बोलू लागले. बाई काही मिनिटे नुसत्या उभ्या राहिल्या, मग शेजाऱ्यांना हाक मारली. रुग्ण बरे झाले. पण त्यानंतर घरात एक वाक्य रुजले, ‘आईला ऐनवेळी काही सुचत नाही.’ मुलगा प्रेमाने म्हणे, सून काळजीने म्हणे, पाहुणे सहज म्हणत. बाईंनी ते मनाला लावून घेतले. पुन्हा साखर उतरू नये म्हणून त्या कोणाला न सांगता इन्सुलिनची मात्रा थोडी कमी करू लागल्या आणि झोपण्याआधी पतीला पेढा देऊ लागल्या. चार महिन्यांनी ते माझ्याकडे आले, तेव्हा साखर खूप वाढलेली होती आणि पायाला न भरणारी जखम झाली होती.

मी मुलाला समोर बसवून हिशेब मांडला. तीन वर्षे, रोज दोन इंजेक्शने, म्हणजे जवळजवळ २,२०० वेळा या बाईंनी बिनचूक काम केले. एका पहाटे त्या तीन-चार मिनिटे गोंधळल्या. साखर उतरली तर काय करायचे, हे त्यांना आजवर कोणी हाताशी धरून शिकवले होते का? नव्हते. मग दोष स्वभावाचा कसा ठरवायचा? मुलगा गप्प राहिला. त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून एक कागद तयार केला आणि तो त्यांच्या फ्रिजवर लागला. मात्रा पूर्ववत झाली. जखम भरायला अडीच महिने लागले.

अशी घरे एक-दोन नाहीत. ‘बाबा घाबरतात, त्यांना सांगू नका’, ‘मावशींच्या भरवशावर सोडू नका’, अशा शिक्क्यांमुळे सांभाळणारा माणूस एकतर जबाबदारीतून अंग काढतो, नाहीतर भीतीपोटी भलतेच काही करतो. दोन्हीत नुकसान रुग्णाचे.

झेप घेण्याआधी

पेनल्टी किकवरील गोलरक्षकासारखीच, ‘काहीतरी केले पाहिजे’ ही घाई घरोघरी दिसते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतले जाते. ते फुप्फुसात जाऊ शकते. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवतात, दातांत चमचा घालतात. त्याने दात तुटतात, फिट थांबत नाही. छातीत दुखणाऱ्याला वायू झाला म्हणून फेऱ्या मारायला लावतात. हृदयावरील ताण वाढतो. चेहरा वाकडा झालेल्याला ‘वारा लागला’ म्हणून तेल चोळत बसतात आणि मोलाचा वेळ जातो. हे सारे प्रेमापोटी होते. त्यांच्या हाती योग्य कृतीचा सराव नसतो, म्हणून दिसणारी कृती होते.

त्यावर उपाय संघासारखाच, आधी ठरवून ठेवण्याचा. पुढील गोष्टी शांत दिवशी, घरातील सर्वांनी एकत्र बसून कराव्यात.

१. कामे वाटून घ्या. रुग्णाजवळ कोण थांबेल, फोन कोण करील, दार व लिफ्ट कोण उघडून ठेवील, कागदपत्रांची पिशवी कोण घेईल, हे ठरवा. घरात दिवसा एकच माणूस असेल तर शेजारच्या दोन घरांना या संघात घ्या.

२. दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. पत्ता कसा सांगायचा, जवळची ठळक खूण कोणती, हेही तिथेच लिहा. घाईत स्वतःच्या इमारतीचे नाव आठवत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे.

३. हृदयविकार आणि पक्षाघात यांवर तातडीचे उपचार कोणत्या रुग्णालयात चोवीस तास मिळतात, याची चौकशी आधीच करून ठेवा. चेहरा एका बाजूला ओढला जाणे, एक हात उचलता न येणे, बोबडे बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर वेळ पाहून लिहून ठेवा आणि निघा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

४. मधुमेही शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल आणि साखर ७० च्या खाली असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही देऊ नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

५. फिट आली तर आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, झटके थांबल्यावर कुशीवर वळवा. पाच मिनिटांहून अधिक काळ चालली तर रुग्णवाहिका बोलवा.

६. महिन्यातून एकदा याचा सराव करा. नातवंडांना त्यात घ्या. ती खेळ समजून मन लावून करतात आणि आजीला तर सर्वांत आधी पाठ होते.

७. घाबरल्यासारखे झाले तर आधी एक श्वास सावकाश बाहेर सोडा आणि कागदावरील पहिली ओळ मोठ्याने वाचा. वाचण्याने लक्ष भीतीवरून कृतीवर येते.

आणि एक विनंती. प्रसंग निभावल्यावर सांभाळणाऱ्याची उलटतपासणी करू नका. ‘तू असे का केलेस?’ याऐवजी ‘त्या वेळी तुझ्याजवळ काय नव्हते?’ असे विचारा. उत्तर बहुधा साधे असते: चष्मा, चालू फोन, साखरेचा डबा, सोबतीला एक माणूस. या गोष्टी पुरवता येतात. स्वभाव बदलण्याचा आग्रह धरून काही हाती लागत नाही.

मूळ वादाकडे

तेव्हा बचावपटू दडपणात टिकतो का? माझे उत्तर असे की, दडपणाने प्रत्येकाचे शरीर बदलते, काहींचे कमी, काहींचे जास्त. पण कोण कोणत्या गटात मोडतो, हे तीन-चार सामन्यांवरून सांगता येत नाही. सांगायचेच असेल तर त्याने किती सामने खेळले, समोर कोण होते, त्याच्या बाजूला कोण उभे होते आणि त्या प्रसंगाचा सराव झाला होता का, हे पाहावे लागेल. एवढी माहिती गोळा करेपर्यंत बहुतेक वेळा वादाचा जोर ओसरतो.

पुढच्या ऑलिम्पिकमध्ये कोणाच्या तरी काठीखालून चेंडू निसटेल आणि कट्ट्यावर पुन्हा हाच प्रश्न निघेल. वाद अवश्य घाला. वय झाल्यावर मेंदूला असा व्यायाम हवाच. फक्त घरी परतल्यावर, जिने दिवसभर तुमची औषधे वेळेवर दिली तिच्याकडे एकदा पाहा, आणि फ्रिजवर तो कागद लावला आहे का, तेही पाहा.